यथानाम

भटजींनी नाव घेतलं तेव्हा मनकर्णा स्वयंपाकघराच्या दारात खिरीचं पातेलं धरून उभी होती. ‘अस्मत्पितुः रामचंद्रस्य’ असं काहीसं ते म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत पाटावर उघड्या अंगानं बसलेल्या तिच्या मुलानं, गोरक्षनं, पळीभर पाणी ताम्हनात सोडलं. पातेलं गरम होतं, फडक्यातून चटका लागत होता, तरी ते खाली ठेवायचं तिला सुचेना. हे कुणाचं चाललंय? क्षणभर तिला खरंच वाटलं, भटजी घर चुकले; माळीवाड्यात दोन आळ्या पलीकडं कुणी रामचंद्र वारला असेल, त्याचं पान आपल्याकडं वाढलं जातंय. मग भटजींनी विचारलं, “आजोबांचं नाव?” गोरक्षनं मान वळवून आईकडं पाहिलं. तिनं मान हलवली. “पणजोबांचं?” गोरक्ष आता जमिनीकडं बघत होता. “हरकत नाही,” भटजी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, उलट पोराला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांनी आवाज मऊ केला. “नाव ठाऊक नसलं तर यथानाम म्हणायचं. गोत्र ठाऊक नसलं तर कश्यप. शास्त्रात सोय आहे.” एस.टी.त सरकून कुणाला जागा करून द्यावी तसं त्यांनी ते सहज करून टाकलं. पुढचं सगळं बिनबोभाट पार पडलं. गच्चीवर पान ठेवलं आणि कावळाही लगेच आला. यंदाच्या दुष्काळात कावळेसुद्धा आढेवेढे घेत नव्हते.

भटजी जेवून गेले, गोरक्ष सायकल काढून वीज मंडळाच्या ऑफिसला गेला, आणि मनकर्णा उष्टी भांडी पुढ्यात घेऊन बसली. नळाला पाणी तीन-चार दिवसांनी यायचं, म्हणून भांडी आधी राखेनं कोरडीच घासायची आणि मग एका बादलीत विसळायची. हात चालू होता, पण मनात ते ‘रामचंद्रस्य’ घोळत होतं. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. दशक्रियेला ती गेली नव्हती. बायका जात नाहीत. सगळं तिच्या भावानं, सहादेवनं, गोरक्षला हाताशी धरून केलं होतं. तेव्हाही हेच नाव घेतलं असणार. म्हणजे वर्षभर तो माणूस हाक ऐकू न येता कुठंतरी बसून असेल का? सरळ पाठीनं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, सोनईच्या शेतात पहिल्यांदा बसला होता तसा. बोलावल्याशिवाय पानावर बसायची त्याची रीत नव्हती. स्वतःच्या घरातसुद्धा “ये, जेवायला” म्हटल्याशिवाय तो उठायचा नाही, आणि मनकर्णाला त्याचा राग यायचा, की बाई, वास येतोय, ताट दिसतंय, आता काय तुम्हाला अक्षत द्यायची?

तो सोनईला आला तेव्हा हुरड्याचे दिवस होते. सहादेव नगरच्या कॅम्पात, रणगाड्यांच्या फौजेच्या भटारखान्यात कामाला होता. तिथला एक दफेदार त्यानं बरोबर आणला. मनकर्णा एकोणीस-वीस वर्षांची होती, नवरा पटकीत गेलेला, माहेरी परत आलेली. दफेदार पंजाब-काश्मीरच्या हद्दीवरचा, मीरपूरच्या बाजूचा डोगरा. लढाईत आफ्रिकेला जाऊन आलेला, मग इटलीला. आणि फाळणीच्या साली, तो इथं नगरात पलटणीत असताना, तिकडं त्याचं घर संपलं होतं. हे त्यानं कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं. हुरड्याचं कणीस तळव्यावर चोळत, वर न बघता, “माँ थी, घरवाली थी, एक बच्ची थी. अब कोई नहीं,” असं.  मनकर्णा आगटीत कणसं भाजत होती. तिला आठवतं, तिनं एक चांगलं भरलेलं कणीस राखेतून बाहेर काढलं आणि त्याच्या बाजूला सरकवलं.

तिच्या आईला, मुक्ताबाईला, तो परमुलखातला असल्याची हरकत नव्हती. विधवा पोरीचा पाट लावायचा तर माणूस कमावता आणि शांत हवा, एवढंच तिचं म्हणणं. अडलं ते नावावर. “काय म्हनला नाव?” तिनं सहादेवला पुन्हा विचारलं. “मेलाराम.” मुक्ताबाईनं कपाळाला हात लावला. “आरं, एक नवरा मेला पोरीचा. आता दुसरा नावातच मेल्याला आनायचा व्हय?” सहादेवला हसू आवरेना, पण म्हातारी ऐकेना. शेवटी सहादेवच म्हणाला, “राम हाय की त्यात. रामभाऊ म्हनू.” दफेदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “जी, जो माँजी को अच्छा लगे.” झालं. पाट लागला तेव्हा मनकर्णानं नाव घेतलं ते रामरावांचं. आणि नंतर तर नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. पुढं पोरं शाळेत घालताना हेडमास्तरांनी चष्मा वर करून समजावलं, “अहो, वर्गात हजेरी घेताना ‘गोरक्ष मेलाराम’ म्हटलं तर पोरं काय करतील, विचार करा. रामचंद्र लावतो. आणि डोगरा कशाला, डोगरे लावतो. शोभतं.” तेव्हाही तो मास्तरांच्या टेबलासमोर सावधान उभा होता. “लिखो जी. राम तो है ही.” असा तो एकेक अक्षर बदलत, कुणाचं मन न मोडता, रामचंद्र डोगरे होऊन गेला. त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. हेच तिला आज टोचत होतं. वाईट हेतू असता तर कुणाशी भांडता तरी आलं असतं.

लग्नानंतर भिंगारच्या खोलीत तिनं त्याला एकदा विचारलं होतं, असं कसं वं नाव ठिवलं तुमच्या आईनं? तेव्हा त्याला आधी मराठीतला अर्थ समजावून सांगावा लागला. समजल्यावर तो इतका हसला की खोकला आला. मग त्यानं सांगितलं, मेला म्हणजे जत्रा. त्याची आई दिवस भरत आलेले असताना हट्टानं बैसाखीच्या जत्रेला गेली. नदीकाठी जत्रा, ढोल, कुस्त्या, जिलब्या. तिथंच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. बायकांनी एका बैलगाडीखाली चादरी धरल्या आणि तो जन्मला. सगळी जत्रा बघायला आली, कुणी गूळ दिला, कुणी चांदीचा रुपया. “सारा मेला मेरा था उस दिन,” तो म्हणाला. मनकर्णाला ते फार आवडलं होतं. सोनईला गेल्यावर आईला सांगायचं असं तिनं ठरवलंही, पण तोवर ‘रामभाऊ’ गावात रुळलं होतं, आणि मग राहून गेलं. किती गोष्टी अशा राहून जातात. भांडं विसळताना तिच्या लक्षात आलं की बादलीतलं पाणी पार गढूळ झालंय आणि आपण तेच तेच ताट बुडवून काढतोय.

तो बोलायचा ती मराठी ऐकून गल्ली हसायची. भाकरीला पाकरी म्हणायचा, घराला कर. पोरं त्याला मुद्दाम बोलायला लावायची. “बाबा, म्हणा भोपळा.” “पोपळा.” पण ‘ण’ मात्र त्याच्यासारखा कुणालाच म्हणता यायचा नाही. सोनईला ती जन्मभर मनकर्ना होती, शेजारणी मनाबाई म्हणत, भटजींनी आज मनकर्णिका केलं. पूर्ण, ठसठशीत मनकर्णा तिला एकट्या त्यानंच म्हटलं. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्याच्याबरोबरचे डोगरे जम्मूकडं गेले. तिकडं जमिनी मिळत होत्या, त्यालाही बोलावणं होतं. तो गेला नाही. स्टेशनरोडच्या एका गॅरेजात लागला आणि फावल्या वेळात लोकांना जीप चालवायला शिकवू लागला. सकाळी पुष्पाच्या, म्हणजे धाकट्या लेकीच्या वेण्या तोच घालायचा. ग्रीसचे हात राखेनं घासून स्वच्छ करायचा, मग तिला दोन गुडघ्यांत बसवून इतक्या घट्ट वेण्या घालायचा की तिच्या भुवया वर ओढल्या जायच्या. सोनईच्या बायका हे बघून पदराआड हसल्या. त्याला त्याचं काही नव्हतं. पुष्पाचं पुणतांब्याला लग्न होऊन ती गाडीत बसली, तेव्हाही त्यानं तिच्या डोक्यावरचा पदर किंचित मागं करून वेणी घट्ट आहे का तेवढं बघितलं.

रणगाड्यांचा सराव चालायचा तेव्हा मैदानावरून धाडधाड आवाज यायचा आणि खिडकीची काच थरथरायची. तो मान वर करायचा नाही. पण मिरवणूक आली, माणसांचा मोठा घोळका आरडाओरडा करत रस्त्यानं निघाला, की तो उठायचा, पोरांना जवळ घ्यायचा आणि दार लोटायचा. जत्रेला तर तो कधीच यायचा नाही. एकदाच आला. पुष्पा चार-पाच वर्षांची होती, सोनईची जत्रा होती, मुक्ताबाईनं जावयाला फार आग्रह केला. तो पोरीला खांद्यावर घेऊन हिंडला, पाळण्याजवळ थांबला, हसलासुद्धा. मग तिला खाली उतरवून शेव-रेवड्या घेत होता, तेवढ्यात ती गर्दीत दिसेनाशी झाली. मनकर्णा बांगड्यांच्या पालाशी होती. तिला लांबून त्याचा आवाज ऐकू आला. तसा आवाज तिनं त्याच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. तो गर्दी दोन्ही हातांनी फाडत पुढं येत होता आणि ओरडत होता, “वीरां! ओ वीरां!” पुष्पा तर तिच्यापाशीच होती, हिरव्या बांगड्या चढवून घेत. तिनं पोरीला उचलून वर धरलं. तो जवळ आला, पोरीकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तिथंच धुळीत मांडी घालून बसला. “बाबा, मी पुष्पाय,” पोरगी म्हणाली. तो म्हणाला, “हां बेटा. पुष्पा.”  मनकर्णानं काही विचारलं नाही. वीरां कोण ते विचारायची गरजच नव्हती. ती शेतात, हुरड्याच्या आगटीपाशी ऐकलेली ‘एक बच्ची’ होती, एवढंच आता तिला नाव मिळालं होतं.

संध्याकाळी गोरक्ष आला. चहाचा कप त्याच्यापुढं ठेवून ती म्हणाली, “सर्वपित्रीला नेवाशाला जाऊ. परवरेच्या काठी.” तो दमला होता. “आज झालं ना सगळं, आई? परत कशाला?” “तुझ्या बाचं झालं न्हाई ते.” गोरक्षनं कप खाली ठेवला. ती म्हणाली, “तुला खरं नाव ठाऊक हाय ना?” तो हो म्हणाला. “मग म्हन.” त्यानं दाराकडं बघितलं, जणू शाळेतली पोरं अजून तिथं उभी आहेत. “आता सगळीकडं रामचंद्रच लागलंय आई. ऑफिसात, रेशनवर.” “कागदाचं न्हाई म्हनत मी,” मनकर्णा म्हणाली, “पान कुनाला वाढलं, ते म्हनते.”  मग तिनं त्याला जत्रेतला जन्म सांगितला, गूळ आणि चांदीचा रुपया सांगितला, आणि सांगता सांगता वीरांचंही सांगितलं. हे पोरांना कुणी लपवून ठेवलं नव्हतं. बोलायची वेळ आली नव्हती एवढंच. गोरक्षच्या चहावर साय धरली. तो म्हणाला, “म्हणजे मला मोठी बहीण होती.” “व्हय.” “केवढी असती आता?” मनकर्णानं हिशेब केला नाही. “बाई असती,” ती म्हणाली. “लेकुरवाळी.”

अमावस्येला नेवाशाच्या घाटावर गर्दी होती, पण नदीला पाणी नव्हतं. वाळूत झिरे खणून बायका वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. एका म्हाताऱ्या भटजीपुढं गोरक्ष बसला. भटजीला ऐकू कमी यायचं. “वडिलांचं नाव?” त्यानं कानामागं हात धरून विचारलं. गोरक्ष तोंड उघडणार तेवढ्यात मागून मनकर्णाच बोलली. बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं.  “मेलाराम,” ती म्हणाली. भटजीनं मान हलवली. “मेले ते ठाऊक आहे, बाई. नाव सांगा.” शेजारच्या पाटावरचा कुणीतरी फिसकन हसला. मनकर्णा पुढं सरकली, भटजीच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं, घाटावरच्या साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “त्येच नाव हाय. मेलाराम. त्यांच्या मुलखात जत्रेला मेला म्हन्त्यात. जत्रेत जलमले म्हनून मेलाराम.”   “जत्रेत,” म्हातारा स्वतःशी म्हणाला. “अरे वा.” आणि त्यानं नाव घेतलं, मेलारामस्य, त्याच्या दात नसलेल्या तोंडातून नीट, सावकाश. आजोबा, पणजोबा तिला ठाऊक नव्हते, तिथं यथानाम झालं. त्याची तिला आता काही तक्रार नव्हती. न विचारलेल्याची सोय शास्त्रानं केली होती, ते बरंच होतं. “आणि कुणी?” भटजीनं विचारलं, कारण सर्वपित्रीला सगळ्यांना बोलावतात. या वेळी गोरक्ष म्हणाला, “एक बहीण. वीरां.”  त्यानं तीळ-पाणी वाळूत सोडलं. वाळूनं ते लगेच पिऊन टाकलं.

परतीच्या गाडीत गोरक्षला मागं जागा मिळाली. मनकर्णा पुढं खिडकीशी बसली. नेवासा फाट्याला एक बाई चढली आणि पाटी-हातोडा पायाशी घेऊन तिच्या शेजारी टेकली. खडी फोडायच्या कामावर घोडेगावला निघाली होती. चेहऱ्यावर दगडाची पांढरी भुकटी बसलेली. बसल्या बसल्या तिनं विचारपूस सुरू केली. माहेर कुठलं, सोनई, पोरंबाळं किती, आणि मग, “सासर कुठलं म्हनायचं?” आजवर या प्रश्नाला मनकर्णा नगर म्हणत आली होती. “लांब हाय,” ती म्हणाली. “काश्मीरकडं. मीरपूरपाशी. ढेरी म्हनून गाव.” “अगं बाई! मग जानं-येनं?” “कुठलं? पाकिस्तानात गेलं ते. आन् आता तर पान्याखालीच हाय. धरन बांधलं तिकडं, त्यात समदं बुडालं.”

नगरवरून जाणारा कुणी जुना डोगरा सोबती ती बातमी सांगून गेला होता, चार-पाच वर्षांमागं. नवरा तेव्हा जेवत होता. हातातला घास तसाच धरून म्हणाला, “चलो. अब मेरे घर में और कोई भी नहीं रहता.” मग त्यानं अजून एक पाकरी मागितली. तिनं वाढली. तव्यावरची गरम, तूप घालून. त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं, विचारायला हवं होतं, घर कसं होतं, दार कुठल्या अंगाला होतं, शेजारी कोण.

 शेजारची बाई पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आमचं बी जायाचं हाय. पैठनच्या धरनात. खुना रोवून गेल्यात सरकारी मानसं. आज प्यायाला थेंब न्हाई आन् उद्या घर पान्यात जानार.” तिनं मनकर्णाकडं वळून बघितलं, अनुभवी बाईला विचारावं तसं विचारलं, “मानूस गाव इसरतं का वो?”

“इसरत न्हाई,” मनकर्णा म्हणाली. “पर सांगत बी न्हाई. तुमी सांगून ठिवा पोरान्ला. कुनाचं घर कुठं, समदं सांगा.”

बाई विचारात पडली. मग तिनं पाटीवरचा हात उचलला आणि हवेतच एक रस्ता आखला. “हितं नदी. नदीवरनं वर आलं की पयलं घर आमचं. मग भिमाजीचं, त्येच्या दारात लिंब हाय. मग कुंभाराची दोन…” ती सांगत गेली, आणि मनकर्णा ऐकत गेली, मध्येच विचारत गेली, लिंब जुना हाय का, देऊळ कुठल्या अंगाला, आड कुनाचा. बाहेर करपलेली रानं मागं जात होती. गाडीत त्या दोघींपुरतं एक गाव घर-घर करून उभं राहत होतं. कंडक्टर “घोडेगाव, घोडेगाव” म्हणून ओरडला तेव्हा बाई दचकून उठली, पाटी-हातोडा सावरत, माणसांना ढकलत खाली उतरली. घंटी वाजली, गाडी हलली. तेवढ्यात खिडकीखाली धावत येणारा तो पांढरा चेहरा दिसला.

“आन् कोपऱ्यावर साळूबाईचं ऱ्हायलं!” ती ओरडून म्हणाली. “निळं दार हाय!”

मनकर्णानं खिडकीतून हात बाहेर काढून, ऐकलं म्हणून, हलवला.